सागरतळाचा संच: मासा अचूक, तक्ता चुकीचा

पुण्यात आकाशाची ओढ लागलेल्या मुलाला साधनांची वानवा नसते. आयुका आहे, १९४४ पासून काम करणारी ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, आणि तारकानकाशे तर अप्पा बळवंत चौकातील कोणत्याही बऱ्या दुकानात मिळतात. समुद्राची ओढ लागलेल्या मुलाचे तसे नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या या शहरात समुद्र म्हणजे मे महिन्यातील कोकणची सहल किंवा रविवारी आणलेली मासळी, आणि त्याचा तळ तर कोणाच्या बोलण्यातही येत नाही. वास्तविक पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत हिंदी महासागराचा अभ्यास वर्षानुवर्षे चालू आहे, आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, पण त्यातले फारच थोडे शाळेच्या दप्तरापर्यंत पोहोचते. म्हणून गेल्या महिन्यात चौकाजवळच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानात खोल समुद्रातील जीवनावरचा, सगळा मजकूर मराठीत असलेला संच दिसला, तेव्हा मी तो लगेच विकत घेतला.

किंमत १,८५० रुपये. मी कनिष्ठ महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते आणि माझी अकरा वर्षांची भाची ईरा हिच्यासोबत हा संच तीन आठवडे रोज वापरून पाहिला आहे. त्यातील माशाची प्रतिकृती मी आजवर हाताळलेल्या बहुतेक शैक्षणिक प्रतिकृतींपेक्षा सरस आहे. तो मासा ज्यावर लावून दाखवायचा तो तक्ता मात्र एका मोक्याच्या जागी इतका चुकला आहे की दुरुस्त केल्याशिवाय तो मुलांपुढे टांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही गोष्टी सविस्तर लिहिते, कारण संच घेण्याजोगा आहे आणि तो सुधारावा अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खोक्यात चार वस्तू आहेत: सिलिकॉनचा मासा, भिंतीवर टांगायची कापडी पाठीची लांब गुंडाळी, ४८ पानांची पुस्तिका, आणि दाबाचा प्रयोग करण्यासाठी एक मोठी सिरिंज व तिच्यात मावतील असे चिमुकले फुगे.

माशापासून सुरुवात करते. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातील मारियाना गर्तेत, म्हणजे समुद्रतळावरच्या खोल दरीत, राहणारा हा मासा, ज्याचे वर्णन २०१७ साली स्यूडोलिपॅरिस स्वायरी या नावाने प्रसिद्ध झाले, पुस्तिकेत ‘गोगलगायमासा’ म्हणून येतो. इंग्रजी नावाचे हे सरळ भाषांतर आहे आणि त्याला माझी हरकत नाही, परंतु ईराने पहिल्याच दिवशी ‘याचा शंख कुठे आहे?’ असे विचारले आणि पुस्तिकेत त्याचे उत्तर नव्हते. या कुळातील माशांना शंख नसतो. अंग मऊ व बुळबुळीत असते, आणि बहुतेकांच्या पोटाखालचे पर जुळून एक चकती तयार झालेली असते, जिच्या साहाय्याने उथळ पाण्यातील जाती खडकाला चिकटून राहतात. किनाऱ्यावरच्या खडकांपासून महासागरातील सर्वांत खोल गर्तांपर्यंत या एकाच कुळाच्या चारशेहून अधिक जाती पसरलेल्या आहेत. एवढी दोन वाक्ये पुस्तिकेत घातली असती तर नाव आपोआप अर्थपूर्ण झाले असते.

प्रतिकृती साधारण वीतभर लांब आहे, म्हणजे जवळजवळ खऱ्या माशाएवढी. डोके रुंद व गोलसर, शेपटीकडे अंग निमुळते होत गेलेले, रंग फिकट गुलाबी आणि अंगावर एकही खवला नाही. सिलिकॉन अर्धपारदर्शक ठेवून त्याच्या पोटात यकृताचा वेगळ्या रंगाचा गोळा बसवला आहे, तो बाहेरून दिसतो, आणि खऱ्या माशातही तो तसाच कातडीतून दिसतो. डोळे मिरीच्या दाण्यासारखे बारीक आहेत. मुलांना आवडावेत म्हणून ते मोठे केलेले नाहीत, याबद्दल बनवणाऱ्यांचे मला विशेष कौतुक वाटते.

खरी कमाल स्पर्शात आहे. मासा हातात घेतला की तो तळव्यावर ओघळतो. माझी आई मूळची मालवणची, तिने तो उचलला आणि म्हणाली, “अगं, हा तर ताज्या बोंबलासारखा लिबलिबीत लागतोय.” इतकी नेमकी उपमा मला वर्गात कधी सुचली नव्हती. बोंबलाच्या मांसात पाणी भरपूर असते, म्हणून तर उन्हात वाळल्यावर त्याची काठी होते. गोगलगायमाशाच्या कातडीखालीही पाण्याने भरलेल्या, जेलीसारख्या पदार्थाचा थर असतो. हा थर तयार करायला शरीराला फार खर्च येत नाही, शिवाय या थरामुळे माशाला तरंगायला मदत होते आणि डोक्यामागचा भाग भरून निघून अंगाला पोहण्यास सोयीचा आकार येतो. शास्त्रज्ञांनी यंत्रमासा बनवून या थराचा पोहण्यावर होणारा परिणाम तपासलेला आहे. योगायोग असा की बोंबील ज्या गणात मोडतो त्याच गणात खोल समुद्राच्या तळावर परांच्या तीन लांब काड्या टेकून उभे राहणारे मासेही येतात. बोंबील आणि गोगलगायमासा जवळचे नातेवाईक नाहीत, पण मऊपणाची वाट दोघांनी स्वतंत्रपणे धरली आहे.

प्रतिकृतीच्या टाळूवर बोट दाबले तर ते किंचित आत जाते, आणि हे मुद्दाम केलेले आहे. या माशाची कवटी पूर्णपणे मिटलेली नसते आणि त्याची हाडे पुरती कठीण होत नाहीत. २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांनी त्याचा जनुकसंच वाचला तेव्हा हाडांत चुना साठण्याशी संबंधित असलेले एक जनुक मध्येच तुटलेले आढळले, आणि प्रकाश ओळखणारी काही जनुकेही गळून गेल्याचे दिसले. हे सगळे ज्याने वाचले आहे, त्यानेच ही टाळू इतकी मऊ ठेवली असणार. दोनच उणिवा सांगते. पोटाखालची चकती दिसत नाही, आणि तोंड उघडत नाही. या माशाच्या घशात दुसरे जबडे असतात. ॲम्फिपॉड नावाचे, कोलंबीच्या दूरच्या नात्यातले बाकदार जीव तो तोंडाने पाण्यासकट ओढून घेतो आणि घशातल्या जबड्यांनी चिरडतो. तोंड उघडणारे असते तर मुलांनी तो भाग तासन्‌तास पाहिला असता.

सिरिंजचा प्रयोग साधा आणि उत्तम आहे. एका फुग्यात हवा, दुसऱ्यात पाणी भरायचे, दोन्ही पाण्याने भरलेल्या सिरिंजमध्ये घालायचे, पुढचे छिद्र बोटाने बंद करायचे आणि दट्ट्या दाबायचा. हवेचा फुगा आकसतो, पाण्याचा फुगा तसाच राहतो. समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण एवढा दाब वाढतो, म्हणजे ८,००० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या आठशे पट होतो आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर एका लहान मोटारीचे वजन पडते. तरीही मासा चिरडत नाही, कारण त्याच्या अंगात चिरडण्याजोगी पोकळीच नाही. घोळ माशाचा जो वाताशय चढ्या भावाने विकला जातो आणि ज्याला आपल्याकडचे कोळी ‘बोत’ म्हणतात, तो हवेचा फुगा या माशाला नसतो. ईराने हे स्वतः दट्ट्या दाबून पाहिल्यावर पोलादी पाणबुडीला जे अवघड जाते ते या मऊ माशाला कसे जमते, हे तिला मला समजावून सांगावे लागले नाही. फुगे मात्र फार पातळ आहेत. चारपैकी तीन पहिल्याच आठवड्यात फाटले, आणि सुटे फुगे दुकानात मिळत नाहीत.

आता तक्ता. कल्पना म्हणून तो या संचातील सर्वांत मोठी गोष्ट आहे. गुंडाळी २७५ सेंटिमीटर लांब आहे आणि एक सेंटिमीटर म्हणजे ४० मीटर हे प्रमाण वरपासून खालपर्यंत पाळले आहे, त्यामुळे ११,००० मीटर समुद्र नेमका मावतो. आमच्या सदनिकेत छत साडेनऊ फुटांवर आहे, तिथून सोडल्यावर गुंडाळीचे टोक फरशीच्या थोडे वर राहते. बहुतेक पुस्तकांत खोलीचे चित्र प्रमाणात नसते. वरचे दोनशे मीटर पानभर आणि उरलेले सगळे एका पट्टीत कोंबलेले असते. इथे सूर्यप्रकाशाचा थर, ज्यात आपल्या ओळखीचे बहुतेक सगळे मासे राहतात, वरच्या पाच सेंटिमीटरमध्ये संपतो. पंचवीस सेंटिमीटरपर्यंत आले की दिवसाच्या उजेडाची शेवटची खूणही राहत नाही. कळसूबाई उलटी करून बुडवली तर तिचे टोक ४१ सेंटिमीटरवर येते, टायटॅनिकचे अवशेष ९५ वर, आणि भारताच्या समुद्रयान मोहिमेतील, तीन माणसांना नेण्यासाठी टायटॅनियमच्या गोलात घडवली जाणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी १५० वर. एव्हरेस्ट २२१ वर टेकते. ही सगळी चित्रे जागच्या जागी आहेत, मी पट्टीने मोजून पाहिली.

सहा हजार मीटरच्या खालच्या भागाला पुस्तिकेत ‘पाताळ पट्टा’ म्हटले आहे. शास्त्रीय नाव ग्रीक लोकांच्या मृतांच्या लोकावरून आलेले आहे, आणि अतल, वितल, सुतल मोजत शेवटी पाताळाशी थांबणाऱ्या आपल्या परंपरेत त्याला याहून योग्य शब्द मिळणार नाही. हा शब्द पाठ्यपुस्तकांनीही उचलावा असे मला वाटते.

याच पाताळ पट्ट्यात चूक झाली आहे. तक्त्यावर गोगलगायमासा अगदी तळाशी, २७२ सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे १०,९०० मीटर खोलीवर छापला आहे. ज्या नमुन्यांवरून २०१७ साली या जातीचे वर्णन झाले, ते ६,८९८ ते ७,९६६ मीटर खोलीवर पकडलेले होते, म्हणजे तक्त्यावर त्यांची जागा १७२ ते १९९ सेंटिमीटर या पट्ट्यात येते. याच कुळातला, पण दुसऱ्या जातीचा एक मासा २०२२ साली जपानजवळच्या इझू-ओगासावारा गर्तेत ८,३३६ मीटरवर कॅमेऱ्यात टिपला गेला. ही बातमी एप्रिल २०२३ मध्ये जाहीर झाली आणि चित्रित झालेल्या माशांत याहून खोलचा मासा मला माहीत नाही. तक्त्यावर ही जागा २०८ सेंटिमीटरवर आहे. त्याखाली फरशीपर्यंत जे हातभर अंतर उरते, त्यात एकही मासा असायला नको.

ही चूक कशी झाली असावी हे समजण्यासारखे आहे. सर्वांत खोल राहणारा मासा म्हणजे सर्वांत खोल जागी राहणारा मासा, असे वाचताना सहज वाटते. शिवाय पुस्तिकेत १९६० सालची हकीकत दिली आहे. त्या वर्षी २३ जानेवारीला झाक पिकार आणि डॉन वॉल्श ‘त्रिएस्त’ या यानातून चॅलेंजर डीप या मारियाना गर्तेतल्या सर्वांत खोल जागेच्या तळाशी उतरले, आणि पिकार यांनी तिथे एक चपटा मासा पाहिल्याचे सांगितले. पुस्तिका ते खरे मानून पुढे जाते. आज जाणकार ते मान्य करत नाहीत. तो बहुधा समुद्रकाकडीसारखा दुसरा एखादा प्राणी असावा असे मानले जाते, आणि त्यानंतर त्या तळाशी कॅमेरे आणि माणसे अनेकदा जाऊनही कोणाला मासा दिसलेला नाही. ॲम्फिपॉड दिसतात, समुद्रकाकड्या दिसतात. मासे थांबतात ते बरेच वर.

ते का थांबतात, हा माझ्या मते या संचातला सर्वांत सुंदर भाग होऊ शकला असता, आणि पुस्तिकेने तो ‘विशेष रसायनामुळे’ एवढ्या दोन शब्दांत उरकला आहे. या रसायनाचे नाव ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड. ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे, कारण समुद्री मासा मेल्यावर जिवाणू त्याचे विघटन करतात आणि त्यातून ट्रायमिथाइलअमाइन तयार होते. गणेश पेठेतल्या मासळी बाजारात शिरताना जो वास येतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांत हे रसायन फार कमी असते, म्हणून त्यांना तसा वास येत नाही. माशाला कोकम, चिंच किंवा लिंबू लावले की वास मरतो तो यामुळेच, कारण आम्लाशी संयोग झाल्यावर तो पदार्थ हवेत उडत नाही. आई हे सगळे ऐकत होती आणि बांगड्याला आगळ लावण्यामागे हे कारण आहे हे कळल्यावर तिला फार बरे वाटले.

जिवंत माशात हेच रसायन प्रथिनांना सांभाळते. प्रथिनाचा रेणू विशिष्ट घडी घालूनच काम करतो, आणि प्रचंड दाबाखाली पाण्याचे रेणू त्या घडीत घुसून ती विस्कटू पाहतात. हे रसायन पाण्याच्या रेणूंना आपापसांत बांधून ठेवते आणि घडी टिकते. म्हणून मासा जितका खोल राहतो तितके त्याच्या मांसात ते जास्त आढळते, आणि मारियाना गर्तेतल्या माशात ते तयार करणाऱ्या जनुकाच्या एकाहून अधिक प्रती असल्याचे २०१९ च्या अभ्यासात दिसले. पण या उपायाला मर्यादा आहे. समुद्रात राहणाऱ्या सामान्य हाडवान माशाच्या शरीरातील द्राव समुद्राच्या पाण्यापेक्षा बराच सौम्य असतो, साधारण एक तृतीयांश, त्यामुळे त्याच्या अंगातील पाणी सतत बाहेर झिरपत असते आणि त्याला समुद्राचे पाणी पिऊन मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकावे लागते. खोली वाढेल तसे रसायन वाढते, रसायन वाढेल तसा आतला द्राव दाट होत जातो, आणि एका खोलीवर तो समुद्राइतकाच दाट होतो. त्याही खाली जायचे तर उलट समुद्राचे पाणीच माशाच्या अंगात शिरू लागेल, आणि त्याच्या कल्ल्यांची व मूत्रपिंडांची घडण त्यासाठी झालेली नाही. न्यूझीलंडजवळच्या केर्माडेक गर्तेत ७,००० मीटरवर पकडलेल्या गोगलगायमाशांच्या मोजमापांवरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ही सीमा सुमारे ८,२०० मीटर असावी असे मांडले गेले. त्यानंतर दिसलेला सर्वांत खोलचा मासा या अंदाजाच्या अगदी जवळ, ८,३३६ मीटरवर सापडला, आणि तेथील पाणी किंचित उबदार असल्याने सीमा थोडी खाली सरकली असावी असे तो शोधणाऱ्या अभ्यासकांचे म्हणणे आहे.

तक्त्यावर ही सीमा २०५ सेंटिमीटरवर येते. मासा तिथे लावला असता आणि त्याखालची जागा रिकामी ठेवली असती, तर मुलाने आपणहून विचारले असते की इथे कोणीच का नाही, आणि त्या प्रश्नाचे उत्तर स्वयंपाकघरापासून सुरू झाले असते. मासा तळाशी छापल्यामुळे तो प्रश्नच पुसला गेला आहे. म्हणूनच मी या एका चुकीवर इतके लिहिते आहे.

पुस्तिकेची भाषा स्वच्छ आणि मोठी आदबशीर आहे, वाक्ये मुलांना झेपतील अशी आहेत, आणि छपाई डोळ्यांना सुखावणारी आहे. सर्वांत चांगले प्रकरण ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाच्या १८७२ ते १८७६ या काळातील सफरीवरचे आहे. २३ मार्च १८७५ रोजी मारियाना बेटांजवळ वजन बांधलेला दोर सोडून या जहाजाने ४,४७५ फॅदम, म्हणजे ८,१८४ मीटर खोली मोजली. त्याच जहाजावरील हर्बर्ट स्वायर या तरुण नौकानयन अधिकाऱ्याचे नाव पुढे या माशाला मिळाले, हेही पुस्तिकेत आले आहे. लेखकाच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटली. दोराने मोजलेली ८,१८४ मीटर खोली आणि माशांची ८,२०० मीटरची सीमा यांत तक्त्यावर अर्ध्या सेंटिमीटरचेही अंतर नाही. मी दोन्ही खुणा शेजारी शेजारी केल्या तेव्हा ईरा बराच वेळ तिथेच उभी होती.

पृष्ठ ३१ वर हा मासा ‘अंधारात स्वतः प्रकाश निर्माण करतो’ असे वाक्य आहे, ते चुकीचे आहे. दिवा लावून फिरणारे मासे प्रामुख्याने याहून बऱ्याच वरच्या थरात राहतात. त्यातलाच एक, जबडा वासलेला आणि सुयांसारख्या दातांचा, खोक्याच्या झाकणावर छापलेला आहे, आणि खोक्याच्या आत असलेल्या माशाशी त्याचा काहीही संबंध नाही. विक्रीसाठी भयानक चित्र हवे असते हे मला समजते, पण ज्या संचाने आत इतका प्रामाणिक, मऊ, गुलाबी मासा दिला आहे, त्याने झाकणावरही तोच द्यायला हवा होता. आठशे वातावरणांच्या दाबात, एक-दोन अंश तापमानाच्या पाण्यात, पूर्ण अंधारात आपल्या गर्तेतला सर्वांत मोठ्या शिकाऱ्यांपैकी एक म्हणून राहणारा प्राणी वीतभर लांबीचा आणि दिसायला नाजूक आहे, याहून थक्क करणारे चित्र मला तरी सुचत नाही.

हा मासा पकडतात कसा, यावरची दोन पाने फार चांगली आहेत. जहाजावरून दोर न बांधता वजन लावलेली चौकट पाण्यात सोडतात, तिच्यावर कॅमेरा आणि पिंजरा असतो, आमिष म्हणून बांगड्याच्या जातीचा मासा बांधतात. चौकट काही तासांनी तळाशी टेकते, आणि परत यायची वेळ झाली की वजन सोडून ती आपोआप वर तरंगते. बांगडा हे आमिष ऐकून घरात सगळ्यांनाच गंमत वाटली. माणसाचा कचरा तिथवर पोहोचला आहे याचा उल्लेख मात्र पुस्तिकेत कुठेच नाही. मारियाना गर्तेत ६,००० मीटरच्या खाली सापडलेल्या एका नव्या ॲम्फिपॉडच्या पोटात प्लॅस्टिकचा तंतू निघाला आणि २०२० साली त्याचे नावच युरिथेनिस प्लॅस्टिकस ठेवावे लागले, हे मुलांना सांगायला हवे. त्यांना ते पेलते.

खोक्यावर ‘वय ६ वर्षांपासून पुढे’ असे लिहिले आहे. मासा हाताळायला सहा वर्षे ठीक आहे, पुस्तिकेसाठी दहा धरावे.

सेवेबद्दल थोडे. माझ्या संचातील गुंडाळी वरच्या काठीपाशी उसवलेली निघाली. दुकानदारांनी पावती पाहून एकही प्रश्न न विचारता दुसरी दिली, इतकेच नव्हे तर ती माझ्यासमोर पूर्ण उलगडून तपासली. संच त्यांनी खेळण्यांच्या फडताळात अगदी मागे ठेवला आहे, तो मागूनच घ्यावा लागतो. तक्त्यातील आणि पुस्तिकेतील चुका मी पुस्तिकेत दिलेल्या पत्त्यावर, मोजमापांसह, लिहून कळवल्या. नऊ दिवसांनी उत्तर आले. त्यांनी तक्त्याची चूक मान्य केली, आणि सोबत चिकटवण्यासाठी छापलेली एक रंगीत पट्टी पाठवली, जी तक्त्याचा २०० पासून २७५ सेंटिमीटरपर्यंतचा भाग झाकते. पट्टीवर खालचा भाग नुसता गडद निळा आहे. आधी संच घेतलेल्यांना ही पट्टी दुकानात पावती दाखवून विनामूल्य मिळेल असे त्यांनी कळवले आहे. पृष्ठ ३१ ची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत होणार आहे, झाकणाविषयी त्यांनी काही लिहिलेले नाही.

पट्टी आम्ही रविवारी चिकटवली. तिचा रंग मूळ तक्त्याशी तंतोतंत जुळत नाही, जवळून पाहिले तर जोड दिसतो. सिलिकॉनचा मासा आता १९० सेंटिमीटरवर टाचला आहे, २०८ वर ईराने पांढऱ्या पेन्सिलीने रेघ मारून ‘८,३३६, जपान, २०२२’ असे लिहिले आहे, आणि अगदी तळाशी, पिकार यांनी जिथे मासा पाहिला असे म्हटले तिथे, तिने दोन समुद्रकाकड्या काढल्या आहेत.